सव्वा किलोचा हिशेब

आमच्या वाडीत उतरायला पंचेचाळीस पायऱ्यांची पाखाडी आहे. जांभ्याचे चिरे, मधे मधे झिजलेले, पहिल्या पावसाने निसरडे होणारे. टेम्पो वरच्या रस्त्यावर थांबतो. पुढे जे काही न्यायचं-आणायचं ते माणसाच्या डोक्यावरून. नारळ आणि सुपारी वर चढते, शेणखत खाली उतरतं. रत्नागिरीच्या किनाऱ्याकडच्या कितीतरी वाड्या अशाच खोलात आहेत, त्यामुळे यात नवल काही नाही. पण माझ्या सगळ्या गोष्टीत ही पाखाडी महत्त्वाची आहे, म्हणून आधी सांगून टाकली.

मिरी आमच्याकडे अप्पांनी आणली. त्याआधी एक-दोन जुने वेल फणसावर चढलेले होते, घरच्या सोलकढीला आणि सर्दी-खोकल्याच्या काढ्याला पुरतील एवढे. अप्पा एकदा भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात गेले आणि माडांच्या सावलीत जायफळ, दालचिनी, मिरी अशी एकाच जमिनीत उभी असलेली बाग बघून आले. आपल्याकडे तिला ‘लाखी बाग’ म्हणतात. परत आल्यावर दोन दिवस ते दुसरं काही बोलले नाहीत. मग पन्नियूरची रोपं आणली. पन्नियूर हे केरळातलं गाव. तिथल्या केंद्राने १९७१ साली दिलेली ‘पन्नियूर-१’ ही मिरीची जगातली पहिली संकरित जात. तिचे घोस लांब, दाणा टपोरा. अप्पांनी पोफळींना सोबत म्हणून ऐंशी वेल लावले. पोफळीला त्रास नाही, वेलाला आधार, आणि जागा तीच.

अप्पांची खत द्यायची रीत सरळ होती. मिरगाच्या सुमाराला प्रत्येक वेलाला टोपलीभर शेणखत, वर पातेरा. पाऊस ओसरला की मूठ-दोन मूठ सुफला. वेलाच्या बुंध्यापासून वीतभर लांब टाकायचं, मातीत हलक्या हाताने मिसळायचं, कुदळ लावायची नाही. कारण मिरीची खाणारी मुळं अगदी वर असतात, कुदळीने तीच तुटतात. कुणी विचारलं, “अप्पा, शेणखत चांगलं की पांढरं खत?” तर म्हणायचे, “भात चांगला की आमटी?” त्यांच्यासाठी प्रश्न तिथेच संपायचा.

माझ्यासाठी संपला नव्हता.

मी मुंबईत चौतीस वर्षं नोकरी केली. २०१७ साली निवृत्त होऊन घरी आलो तेव्हा अप्पा नव्हते, दादाही नव्हता. वाडी वहिनी बघत होत्या. मी येताना पुस्तकं घेऊन आलो. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ पासून काही वर्षं इंदूरला होता. तिथे त्याने शेतकऱ्यांच्या जुन्या रीती बघून कंपोस्टची पद्धत बसवली, तिलाच ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. ते सगळं वाचून मी भारावून गेलो होतो. वाडीत फिरलो तर माती जागोजागी घट्ट वाटली, आळ्यात गांडूळ दिसेना. गोठ्यात पूर्वी सहा जनावरं होती, आता एकही नव्हतं. मागची गायरी बुजून तिच्यावर रानमोडी माजली होती. मला वाटलं, अप्पांच्या मुठीने हळूहळू ही माती मारली. २०१८ च्या पावसाळ्याआधी मी जाहीर करून टाकलं : आजपासून या वाडीत रासायनिक खताचा कण येणार नाही.

वहिनी म्हणाल्या, “बरं.” त्यांच्या ‘बरं’चे अर्थ असतात. तो मला तेव्हा कळला नाही.

आता थोडा हिशेब करतो. कंटाळू नका, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र असतं. एका वेलाला वीस किलो, म्हणजे एक टोपली, दिली तर शंभर ग्रॅम नत्र पडलं. ऐंशी वेलांना सोळाशे किलो शेणखत, त्यात आठ किलो नत्र. युरियात शेकडा शेहेचाळीस नत्र. तेच आठ किलो युरियातून द्यायचं तर साडेसतरा किलो युरिया लागेल. पंचेचाळीस किलोची गोणी सरकारी दराने २६६ रुपये ५० पैशांना, म्हणजे हा माल साधारण शंभर रुपयांचा. एका माणसाने एका खेपेत खाली आणावा इतकाच. आणि शेणखत? ऐंशी टोपल्या. पंचेचाळीस पायऱ्या खाली, पंचेचाळीस वर. सगळ्या मिळून ७,२०० पायऱ्या.

शिवाय अप्पांची मूठ बंद केली म्हटल्यावर मी शेणखत वाढवलं. एका वेलाला दीड टोपली. कागदावर ‘दीड’ लिहायला काहीच लागत नाही.

शेणखत घाटावरून यायचं, कारण गावात जनावरंच राहिली नाहीत. ते वर रस्त्याकडेला पडायचं आणि शेजारच्या वाडीतल्या दोघीजणी ते खाली वाहायच्या. वहिनी आळ्यात पसरायच्या. मी कुठल्या वेलाला पडलं याच्या वहीत खुणा करायचो. एकदा मी त्यातल्या एकीला कौतुकाने म्हटलं, “मावशी, तुमच्यामुळे आपली मिरी शुद्ध होणार बघा.” ती टोपली उतरवून म्हणाली, “दादा, ह्या टोपलीला मिरीचा वास येत नाय वो. शेणाचाच येतो.” सगळे हसले. मीही हसलो.

पहिल्या वर्षी फार फरक पडला नाही. आधी वाडीतून वाळलेली मिरी सत्तर किलोच्या आसपास निघायची, त्या वर्षी बासष्ट झाली. मी खूश. खरं तर ते माझ्या शेणखताचं नव्हतं, मातीत आधीचं जे शिल्लक होतं त्यावर वेल जगले होते. दुसऱ्या वर्षी अठ्ठेचाळीस. तिसऱ्या वर्षी एक्केचाळीस. विहिरीकडच्या बारा वेलांची पानं पिवळी पडली, जुन्या पानांच्या कडा करपल्या, घोस आखूड आले आणि त्यातही अर्धे दाणे नव्हते.

कारण आज कळतं. आपली माती जांभ्याची, आंबट. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. नत्र आणि पालाश त्या पाण्याबरोबर वाहून जातात. स्फुरद जात नाही, पण मातीतलं लोह त्याला असं धरून ठेवतं की मुळाला मिळत नाही. मिरीला नत्राइतकीच, किंबहुना जास्तच, भूक पालाशची. केरळच्या जुन्या शिफारशीत एका मोठ्या वेलाला वर्षाला नत्र ५० ग्रॅम, स्फुरद ५० ग्रॅम आणि पालाश १५० ग्रॅम असं प्रमाण आहे, आणि त्याच्या जोडीला शेणखत आहेच. शेणखतातलं नत्र सगळं पहिल्या वर्षी मोकळं होत नाही, सावकाश होतं. माती सुधारायला ते सावकाशपण फार चांगलं. पण पावसानंतर घोसात दाणा भरायचा असतो तेव्हा वेल थांबायला तयार नसतो. अप्पांची ती ओसरत्या पावसातली मूठ नेमकी त्या वेळेची होती. त्यांनी ती कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती, पण ती बरोबर होती.

मात्र मीही सगळा चुकलो होतो असं नाही. तीन वर्षांत आळ्यातली माती काळी आणि भुसभुशीत झाली. हात घातला की गांडूळ मिळू लागलं. पाऊस संपल्यावर ओल जास्त दिवस टिकू लागली. नुसता युरिया वर्षानुवर्षं टाकत राहिलं तर आंबट माती आणखी आंबट होते, हेही खरंच. माती माझ्या बाजूने बोलत होती आणि वेल वहिनींच्या बाजूने, अशी ती परिस्थिती होती.

सेंद्रिय प्रमाणपत्राच्या नियमात बहुवार्षिक पिकाला तीन वर्षं बदलाचा काळ धरतात. प्रमाणपत्र मी काढलं नव्हतं, पण तो काळ मनाने मोजला होता. २०२१ पासून मी मुंबईतल्या ओळखीच्या घरांना मिरी थेट पाठवू लागलो. पाव किलोची पुडी, वर माझ्या अक्षरात चिठ्ठी : ‘रासायनिक खताशिवाय’. भाव बाजाराच्या जवळजवळ दुप्पट. लोक आनंदाने देत होते. एका बाईंनी लिहिलं, त्यांच्या घरी आजारी माणूस आहे, त्यासाठी त्या अशाच वस्तू शोधून घेतात. ते पत्र मी जपून ठेवलं.

२०२२ च्या फेब्रुवारीत मिरी काढली. शेहेचाळीस किलो. मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून अंगणात ताडपत्रीवर वाळत घातली होती, दाणे काळेभोर चकचकीत झाले होते. वीसेक किलोच्या पुड्या तोवर रवानाही झाल्या होत्या. मी दाणे परतवत वहिनींना म्हटलं, “बघितलंत? विहिरीकडचे वेल सुधारले. शेणखताने जरा उशिरा, पण गुण दिलाच.”

वहिनी सूप पाखडत होत्या. थांबल्या नाहीत. म्हणाल्या, “भावोजी, त्या बारा वेलांना मी भाद्रपदात युरिया दिलाय. मूठ-मूठ. सव्वा किलो झाला असेल सगळा. थोडं पोटॅशही होतं.”

मला आधी कळलंच नाही. मग एकदम संताप आला. आवाज चढला. मी म्हटलं, “मला विचारायचं तरी! मी लोकांना लिहून देतो. खोटं ठरलो की मी.”

“विचारलं असतं तर नाहीच म्हटलं असतंत,” त्या म्हणाल्या. “ते वेल तुमच्या भावाने लावलेत. अप्पा रोपं द्यायचे, हे खड्डे काढायचे. डोळ्यांदेखत पिवळे होऊन चालले होते. पोराला ताप भरला तर गोळी देतो ना आपण? का कोपऱ्यात बसवून सांगतो, बाळा, तुझी शक्ती आपली आपण वाढव?” मग जरा थांबून म्हणाल्या, “आणि एक सांगते. तुमची दीड टोपली वहीत आहे. ती पाखाडीवरून उतरते आमच्या डोक्यावरून. त्या दोघींतली एक ह्या वर्षी येणार नाही, तिचे गुडघे गेलेत.”

मी घरात जाऊन बसलो.

त्या रात्री मी पहिल्यांदा प्रामाणिकपणे स्वतःला विचारलं, की मी नेमकं काय वाचवत होतो? मुळाला तर काही फरक कळत नाही. शेणखतातलं नत्र असो की युरियातलं, मातीतले जिवाणू त्याचं अमोनियम आणि नायट्रेट करतात आणि मूळ तेच घेतं. दाण्यात युरिया उतरत नाही. साध्या तपासणीत माझ्या पुडीतलं कुठलं दाणं कुठल्या वेलाचं हे कुणालाही कधी कळलं नसतं. आणि माझं शेणखत तरी कुठून येत होतं? घाटावरून. तिथल्या गोठ्यात उसाचं वाढं घालतात, आणि त्या उसाला गोण्यांनी युरिया पडतो. हवेतलं नत्र कारखान्यात बांधायची रीत फ्रिट्झ हाबरने १९०९ साली प्रयोगशाळेत दाखवली, १९१३ मध्ये जर्मनीत तिचा कारखाना उभा राहिला. त्याच रीतीचं नत्र ऊस होऊन, वाढं होऊन, शेण होऊन माझ्या वाडीत येत होतं आणि मी त्याला शुद्ध म्हणत होतो. मधे एक जनावर उभं होतं, एवढाच फरक.

तुम्ही म्हणाल, मग काय, सगळंच सारखं? तसंही नाही. तो उलटा आळस झाला. शेणखत मातीला जे देतं ते गोणी देत नाही. तो कुजलेला काळा भाग पाणी धरतो, दिलेलं खत धरतो, मातीतल्या जिवांना घर देतो. जांभ्याच्या मातीत तोच नसेल तर मूठभर युरियातलाही अर्धाअधिक पऱ्ह्यातून खाडीला जाणार. अप्पांची आमटी मुरत होती ती भातामुळेच. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकदम खरं असणं हे आपल्याला पचत नाही. आपल्याला एका बाजूला देव आणि दुसऱ्या बाजूला दैत्य लागतो.

त्याच वर्षीची श्रीलंकेची गोष्ट माझ्या डोक्यात होती. तिथे २०२१ च्या मे महिन्यात सरकारने रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली. मी तेव्हा ती बातमी वहिनींना मोठ्याने वाचून दाखवली होती, की बघा, अख्खा देश आपल्यासारखा निघालाय. त्यांच्याकडेही मिरी होते, चहा होतो, भात होतो. भाताचं पीक घसरलं, शेतकरी रस्त्यावर आले आणि नोव्हेंबरमध्ये ती बंदी मागे घ्यावी लागली. दुसरी बातमी मी वाचून दाखवली नाही. आज वाटतं, त्या राज्यकर्त्यांत आणि माझ्यात फरक फक्त आकाराचा. हेतू दोघांचेही वाईट म्हणता येणार नाहीत. पण ठरवणारा एक आणि भोगणारा दुसरा, हे दोन्हीकडे सारखंच.

आपल्याकडे एकादशी धरतात. ज्याने धरली त्याने उपाशी राहावं, कुणाची हरकत नाही. पण कितीतरी घरांत एकादशी घरातल्या पुरुषाची असते आणि आदल्या रात्री साबुदाणा भिजत घालणारी, पहाटे दाण्याचं कूट करणारी, शिवाय मुलांचा रोजचा स्वयंपाक वेगळा करणारी दुसरीच असते. पुण्य कुणाच्या खात्यावर जमा होतं, देव जाणे. माझं व्रत त्यातलं होतं. मातीबद्दलचं माझं प्रेम खरं होतं, ते मी नाकारत नाही. पण त्याचं वजन मी उचलत नव्हतो. आणि ज्यांनी उचललं त्यांना मी त्याबद्दल एकदाही विचारलं नव्हतं.

हे सगळं मान्य केलं तरी चिठ्ठीचा प्रश्न उरतोच. युरिया देणं हे पाप नव्हतं. पण ‘दिला नाही’ असं लिहिलेल्या पुडीत तो वेल मिसळला होता. सगळी मिरी एकाच ताडपत्रीवर वाळलेली, वेगळी काढता येणार नव्हती. मला एक सोपी वाट दिसत होती : सव्वा किलो म्हणजे काहीच नाही, दाण्यात काही उतरत नाही, कुणाचं नुकसान नाही, गप्प बसावं. पण मग लक्षात आलं, की त्या आजारी माणसाच्या घरच्या बाईंनी माझ्याकडून मिरीचा गुणधर्म विकत घेतला नव्हता. तो त्यांना बाजारात निम्म्या भावात मिळाला असता. वरचे निम्मे पैसे त्या माझ्या शब्दाचे देत होत्या. दाणा कितीही चोख असला तरी तो शब्द खोटा पडला होता. आणि कधीच पकडलं जाणार नाही असं खोटं जास्तच खोटं असतं, कारण तिथे आपल्याला अडवायला आपल्याशिवाय दुसरं कुणी नसतं.

मी सगळ्यांना कळवलं. काय झालं, किती वेलांना, किती ग्रॅम. वहिनींचं नाव घातलं नाही, ‘आमच्या वाडीत’ एवढंच लिहिलं. वरचे पैसे परत देतो असंही लिहिलं. जवळजवळ निम्म्या लोकांनी पैसे परत घेतले आणि पुढच्या वर्षी मागणी केली नाही. मी त्यांना दोष देत नाही. त्या बाईंनी मात्र पैसे घेतले नाहीत. त्यांनी एकच ओळ लिहिली, की पुढच्या वर्षी काय देणार आहात तेही असंच लिहा. ते पत्र मी आधीच्या पत्राशेजारी ठेवलं आहे.

आता वाडीतला कारभार असा आहे. बांधावर गिरिपुष्प लावला आहे. त्याच्या फांद्या वर्षातून दोनदा छाटून पाला आळ्यांत टाकतो. तो खालीच उगवतो, पाखाडी उतरावी लागत नाही. झावळ्या, पोफळीचा पातेरा, सोडणं आम्ही आता जाळत नाही, आळ्यांत कुजवतो. माती तपासून एक वर्षाआड चुना देतो. शेणखत परत एका टोपलीवर आलं आहे, आणि त्यातल्या रोजच्या पाच टोपल्या मी वाहतो. त्याहून जास्त जमत नाहीत, पण पाच टोपल्यांनीही टोपलीचं वजन कळतं. वहीत ‘दीड’ लिहायची हिंमत आता होत नाही. ओसरत्या पावसात ज्या वेलाचं पान मागतं त्यालाच मूठ मिळते, सरसकट नाही. गेल्या वर्षी अठ्ठावन्न किलो मिरी झाली. सत्तर नाही, एक्केचाळीसही नाही.

हे सगळ्यांनी असंच करावं असं मी म्हणत नाही. ज्याच्या दारात जनावरं आहेत आणि वाडी रस्त्यालगत आहे, त्याला माझ्याहून पुष्कळ पुढे जाता येईल, त्याने जावं. ज्याच्या पाखाडीला दोनशे पायऱ्या आहेत त्याला मी आता उपदेश करणार नाही.

चिठ्ठी अजून पुडीत घालतो, पण ‘शुद्ध’, ‘रासायनिक खताशिवाय’ असले शब्द गेले. आता लिहितो : शेणखत किती, पाला किती, चुना किती, युरिया आणि पोटॅश किती वेलांना आणि किती. गेल्या फेब्रुवारीत मी ती चिठ्ठी वहिनींना वाचून दाखवली. म्हटलं, “सगळं आलं ना?”

त्यांनी चष्मा लावून स्वतः वाचली. म्हणाल्या, “शेणखताच्या पुढे ‘ऐंशी टोपल्या, डोक्यावरून’ असं लिहा. ते पण दिलंय ना वाडीला.”

ते लिहिलं आहे.